पडद्यावरच्या मुंग्या: रणगाड्यांची रात्रीची नजर

कागदोपत्री अहिल्यानगर झालेले, पण बोलण्यात अजून ‘नगर’च असलेले हे शहर १९२० च्या दशकापासून रणगाड्यांचे गाव आहे. रॉयल टँक कोअरची शाळा इथे आली, १९४८ मध्ये आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल उभे राहिले, पुढे मेकॅनाइज्ड इन्फंट्रीचे केंद्रही आले. खारे कर्जुने गावावरून नाव पडलेल्या के. के. रेंजवर तोफांचा सराव चालतो.

पण रणगाड्यांना रात्रीची नजर उशिरा आली. दुसऱ्या महायुद्धापर्यंत अंधार पडला की रणगाडे सहसा मागे घेऊन एकत्र उभे करत. तोफचीला काही दिसतच नसे. भारताने सोव्हिएत संघाकडून घेतलेल्या टी-५५ आणि टी-७२ वर तोफेशेजारी मोठा गोल दिवा आला. त्याच्या काचेतून फक्त अवरक्त किरण बाहेर पडत, म्हणून साध्या डोळ्यांना तो विझलेलाच वाटे. पण अवरक्त किरण दाखवणारी दुर्बीण असलेल्या शत्रूला मात्र तो लांबून लखलखीत दिसे. पाहणाराच आधी उघडा पडे, हा दोष जीवघेणा होता. चांदण्याचा प्रकाश वाढवणाऱ्या नळ्यांनी दिव्याची गरज कमी केली, तरी ढगाळ अमावस्येला त्यांच्या हिरव्या चित्रात ठिपक्यांच्या मुंग्या माजत.

थर्मल कॅमेरा वस्तूंची उष्णता टिपतो, त्याला प्रकाश लागतच नाही. २००१ च्या करारानंतर आलेल्या बहुतेक टी-९० मध्ये तो होता. ८ ते १२ मायक्रॉन लांबीच्या उष्णतेच्या लहरी काच अडवते, म्हणून भिंग जर्मेनियमचे असते. अशा कॅमेऱ्यातला संवेदक उणे १९६ अंशांच्या आसपास थंड ठेवावा लागतो.

मुंग्या इथेही आहेत, आणि दुरुस्तीनंतर त्या कधी कधी वाढतात. अशा वेळी आधी भिंगावर झाकण ठेवून पडदा पाहावा. ठिपके आणि रेघा जागच्या जागी गोठलेल्या असतील, तर बहुधा संवेदक नवा बसला, पण जुन्याचा दुरुस्ती-तक्ता स्मृतीत तसाच राहिला. प्रत्येक संवेदक-बिंदूची संवेदना वेगळी असते. म्हणून कॅमेरा दोन ठरावीक तापमानांच्या काळ्या पृष्ठभागांसमोर धरून तक्ता नव्याने बांधावा लागतो. संवेदकांची उभी पट्टी दृश्यावरून फिरवणाऱ्या कॅमेऱ्यात एक घटक मेला, की पडद्यावर सलग आडवी रेघ उमटते. ठिपके उकळत्या भातासारखे हलत असतील, तर संशय थंडाव्यावर घ्यावा: शीतयंत्र थकले, किंवा संवेदकाच्या कुपीतली निर्वात पोकळी गेली. मग तक्ता कितीही बदलला तरी उपयोग नाही.

एक फसगत मात्र कॅमेऱ्याची नसते. उन्हात तापलेला काळा खडक सूर्यास्तानंतर निवत जातो, आणि पहाटेनंतर पुन्हा तापू लागतो. दोन्ही वेळा काही मिनिटे खडक आणि थंड इंजिनाचा रणगाडा एकाच तापमानाला येतात. चित्र फिके पडते आणि एरवी न जाणवणाऱ्या मुंग्या वर येतात. त्या घटकेला कॅमेरा खोलू नये. इंजिन तासभर चालवलेल्या गाडीकडे तो रोखावा. तिचे धुराडे ठळक उमटले, तर फिकेपणाचा दोष बहुधा कॅमेऱ्याचा नाही.