करोनाकाळातील निर्बंध आणि महाविद्यालयीन खेळ : विठ्ठलवाडी व कल्याण-डोंबिवली परिसर

करोनाच्या साथीत मैदाने, व्यायामशाळा, तरणतलाव आणि स्पर्धा सरसकट बंद ठेवाव्यात की नियम घालून चालू द्याव्यात, यावर महाराष्ट्रात २०२० ते २०२२ या काळात झालेला जाहीर वाद. या वादात मंत्री बोलले, पक्ष बोलले, जिमचालक आणि गोविंदा पथके बोलली. ज्यांच्या खेळाची उमेदीची वर्षे गेली, त्या कॉलेजच्या खेळाडूंचा आवाज मात्र सर्वांत कमी ऐकू आला. म्हणून या नोंदीत वादाकडे त्यांच्या बाजूने पाहिले आहे.

विठ्ठलवाडी हे मध्य रेल्वेवर कल्याण सोडून कर्जतकडे निघाले की लागणारे पहिले स्थानक. एका अंगाला कल्याण पूर्व, म्हणजे कल्याण-डोंबिवली महापालिका, आणि दुसऱ्या अंगाला उल्हासनगर, म्हणजे वेगळी महापालिका आणि वेगळा आयुक्त. इथली मुले शिकायला उल्हासनगरच्या सीएचएममध्ये, कल्याणच्या बिर्ला कॉलेजात, डोंबिवलीच्या पेंढरकरमध्ये किंवा थेट ठाण्याला जातात. सरावही कॉलेजच्याच मैदानावर. त्यामुळे या भागातल्या खेळाडूला मैदान उघडे असून भागत नाही, लोकलही चालू असावी लागते. पुढचा सगळा गुंता या साध्या गोष्टीतून झाला.

१३ मार्च २०२० रोजी राज्य सरकारने मुंबई, नवी मुंबई, ठाणे, पुणे, पिंपरी-चिंचवड आणि नागपूर या शहरांतील व्यायामशाळा, तरणतलाव आणि चित्रपटगृहे बंद केली. आधार होता १८९७ च्या साथरोग कायद्याचा. हा कायदा मुंबई इलाख्यातील प्लेगसाठीच झाला होता. आठवडा-दहा दिवसांत लोकलही थांबली. पहिल्या काही महिन्यांत बंदीला फारसा विरोध झाला नाही आणि तो न होणेच योग्य होते. रोग नवा होता, औषध नव्हते, आणि कल्याण-डोंबिवलीसारख्या दाट वस्तीत घरात वेगळे राहायला खोली नव्हती. जून २०२० अखेर या शहरांत रुग्ण इतके वाढले की २ जुलैपासून पुन्हा कडक टाळेबंदी लावावी लागली.

मैदानांचे पुढे काय झाले, हेही नोंदवायला हवे. डोंबिवलीतील ह.भ.प. सावळाराम महाराज म्हात्रे क्रीडासंकुलाच्या बंदिस्त सभागृहात करोना रुग्णालय उभे राहिले. पुण्यात अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या (सीओईपी) मैदानावर जम्बो रुग्णालय झाले आणि २३ ऑगस्ट २०२० रोजी त्याचे उद्घाटन झाले. पिंपरीत नेहरूनगरच्या अण्णासाहेब मगर स्टेडियमवर तसेच दुसरे झाले. मुंबईत मे २०२० मध्ये वानखेडे स्टेडियम ताब्यात घेण्यावरून सत्तारूढ शिवसेनेतच दोन मते पडली. संजय राऊत यांनी वानखेडे आणि ब्रेबॉर्न घ्यावे असे सुचवले. मातीचे मैदान पावसाळ्यात उपयोगाचे नाही, त्यासाठी टणक तळाची जागा लागते, असे आदित्य ठाकरे यांनी उत्तर दिले. साथीत खेळाच्या जागेचा उपयोग काय, यावर इतकी मुद्देसूद जाहीर चर्चा पुढे क्वचितच झाली.

खेळ कोणता, हा प्रश्न मुळात सर्वांत महत्त्वाचा होता. या पट्ट्यात कॉलेजचा खेळ म्हटला की क्रिकेटइतकीच कबड्डी डोळ्यांसमोर येते. चढाई करणारा खेळाडू मध्यरेषा ओलांडतो तो दम धरून. ‘कबड्डी, कबड्डी’ हा उच्चार पंचाला ऐकू येईल इतका स्पष्ट आणि अखंड ठेवावा लागतो. समोर बचाव करणारे हातात हात गुंफून साखळी करतात आणि पकड झाली की चार-पाच जणांचे चेहरे वीतभर अंतरावर येतात. श्वासातून पसरणाऱ्या रोगाला याहून सोयीची जागा नाही. मुखपट्टी लावून दम धरता येत नाही आणि हात धुऊन पकड करता येत नाही. कुस्तीचेही तसेच. जानेवारी २०२० मध्ये बालेवाडीत हर्षवर्धन सदगीर महाराष्ट्र केसरी झाले, त्यानंतरची गदा थेट एप्रिल २०२२ मध्ये साताऱ्यात पृथ्वीराज पाटील यांना मिळाली. पण लांब उडी, गोळाफेक, धावणे, धनुर्विद्या यांना हे कारण लागू नव्हते. एकट्याने करायचा सराव आणि अंगाला अंग भिडणारा खेळ, दोन्ही कितीतरी महिने एकाच कुलपात राहिले. ही त्या काळातली खरी चूक होती.

पहिला उघड विरोध जिमचालकांकडून आला. केंद्राने ५ ऑगस्ट २०२० पासून व्यायामशाळांना परवानगी दिली, महाराष्ट्राने दिली नाही. जिमचालक राज ठाकरे यांना भेटले, विरोधी पक्षानेही मागणी लावून धरली. अखेर २५ ऑक्टोबरला, दसऱ्याच्या दिवशी, व्यायामशाळा उघडल्या. तरणतलाव ५ नोव्हेंबरपासून उघडले, तेही फक्त राज्य, राष्ट्रीय आणि आंतरराष्ट्रीय दर्जाच्या जलतरणपटूंसाठी. कॉलेजच्या संघातला पोहणारा बाहेरच राहिला. दर्जा पाहून परवानगी देण्याची ही पद्धत पुढे कायम झाली.

लोकल १ फेब्रुवारी २०२१ पासून सर्वांसाठी सुरू झाली, पण वेळा ठरवून : पहिल्या गाडीपासून सकाळी सातपर्यंत, दुपारी बारा ते चार, आणि रात्री नऊनंतर. विठ्ठलवाडीहून सरावाला निघालेल्या मुलाच्या दृष्टीने याचा अर्थ असा, की सातच्या आत जायचे आणि परतायला दुपारी बारा वाजेपर्यंत फलाटाबाहेर थांबायचे. १५ फेब्रुवारीला कॉलेजे निम्म्या उपस्थितीने उघडली, तोच दुसरी लाट आली. ११ मार्चपासून कल्याण-डोंबिवलीत दुकानांना संध्याकाळी सातची मर्यादा लागली.

लोकांना सर्वांत जास्त खटकला तो एप्रिल २०२१. शुक्रवार ९ एप्रिलच्या रात्री आठपासून राज्यात शनिवार-रविवारची टाळेबंदी सुरू झाली. दुसऱ्याच दिवशी, टाळेबंदीच्या पहिल्या शनिवारी, वानखेडेवर चेन्नई आणि दिल्ली यांच्यात आयपीएलचा सामना झाला. त्या हंगामात तिथे १० सामने झाले. प्रेक्षक नाहीत, खेळाडू जैवसुरक्षित कड्यात, वारंवार चाचण्या, हा सरकारचा युक्तिवाद खोटा नव्हता. पण नाक्यावर पोलीस अडवत असताना घराघरांत दिवे झळकवणारे स्टेडियम दिसावे, हे लोकांच्या पचनी पडले नाही. पुढे ते कडेही फुटले आणि ४ मे रोजी स्पर्धा थांबवावी लागली.

त्यानंतर लसीची अट आली आणि वादाचे रूप बदलले. १५ ऑगस्ट २०२१ पासून दोन मात्रा घेऊन १४ दिवस झालेल्यांनाच लोकलचा पास मिळू लागला. आता कॉलेजच्या वयाचा हिशेब पाहा. १८ ते ४४ वयोगटाचे लसीकरण राज्यात मे महिन्यात थांबले होते, ते जूनच्या तिसऱ्या आठवड्यानंतर पुन्हा सुरू झाले. कोविशिल्डच्या दोन मात्रांत किमान ८४ दिवसांचे अंतर होते. म्हणजे जूनअखेर पहिली मात्रा मिळालेला विद्यार्थी ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्याआधी लोकलमध्ये पाऊल ठेवू शकत नव्हता. २० ऑक्टोबरला कॉलेजे उघडली, तीही दोन मात्रा घेतलेल्यांसाठी. अकरावी-बारावीच्या १५ ते १८ वयाच्या मुलांना तर लस ३ जानेवारी २०२२ पासून मिळू लागली. लस सक्तीची असावी का, हा वाद उच्च न्यायालयात गेला. पण लस घ्यायची तयारी असूनही ती न मिळालेल्या विद्यार्थ्याची बाजू त्यात मागे पडली.

ऑगस्ट २०२१ मध्येच ठाण्यात दहीहंडीवरून संघर्ष झाला. थर लावणारी पोरे बहुतेक कॉलेजच्याच वयाची असतात, म्हणून त्याची दखल इथे घ्यावी लागते. मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी उत्सव न करण्याचे आवाहन केले, मनसेने हंडी फोडणारच अशी भूमिका घेतली आणि ठाण्यात पक्षाचे नेते अविनाश जाधव यांना पोलिसांनी ताब्यात घेतले. राजकीय यात्रांना गर्दी चालते तर सणाला का नाही, हा मनसेचा प्रश्न लोकांना पटणारा होता. गर्दी टाळण्याचे पत्र केंद्राकडूनच आले आहे, हे सरकारचे उत्तरही खरे होते. ३१ ऑगस्टला, ऐन दहीहंडीच्या दिवशी, मुख्यमंत्र्यांनी ठाण्यातील प्राणवायू प्रकल्पाचे दूरस्थ उद्घाटन केले.

४ डिसेंबर २०२१ रोजी राज्यातील ओमायक्रॉनचा पहिला रुग्ण कल्याण-डोंबिवलीतच सापडला. ५ जानेवारीला कॉलेजे पुन्हा बंद झाली आणि १० जानेवारीपासून नवे निर्बंध आले. त्यातले खेळाचे कलम या सगळ्या वादाचे सार आहे. आधी ठरलेल्या राष्ट्रीय स्पर्धा प्रेक्षकांविना आणि दर तिसऱ्या दिवशी चाचणी करून चालू ठेवायला मुभा होती. शहर आणि जिल्हा पातळीवरील शिबिरे, स्पर्धा, कार्यक्रम यांना पूर्ण मनाई. ज्याच्याकडे चाचणीचा आणि हॉटेलचा पैसा, त्याचा खेळ चालू, हाच त्याचा अर्थ. राष्ट्रीय खेळाडू जिल्ह्यातूनच वर येतो, याचा विचार त्या कलमात दिसत नाही.

अमेरिकेत हाच वाद वेगळ्या तऱ्हेने झाला. तिथल्या ‘बिग टेन’ या विद्यापीठ गटाने ११ ऑगस्ट २०२० रोजी फुटबॉलचा हंगाम पुढे ढकलला. खेळाडूंनी आवाज उठवला, पालक कार्यालयासमोर उभे राहिले, नेब्रास्काचे काही खेळाडू न्यायालयात गेले, आणि १६ सप्टेंबरला निर्णय फिरला. तिथे कॉलेजच्या फुटबॉलमागे प्रचंड पैसा आहे, म्हणून ऐकले गेले असे म्हणता येईल. आपल्याकडे अंतिम वर्षाच्या परीक्षांचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि २८ ऑगस्ट २०२० रोजी परीक्षा घ्याव्याच लागतील असा निकाल आला. परीक्षेचा प्रश्न राज्याने आपला मानला. खेळाला ते भाग्य लाभले नाही. सरकारी नोकरीतील ५ टक्के खेळाडू आरक्षण, दहावी-बारावीचे सवलतीचे गुण हे सारे स्पर्धेच्या प्रमाणपत्रावर उभे असते. स्पर्धाच नाही तर प्रमाणपत्र नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये गोविंदांनाही हे आरक्षण देण्याची घोषणा झाली, तेव्हा खेळाडू आणि स्पर्धा परीक्षांचे विद्यार्थी चिडले. त्यामागे ही ताजी दोन वर्षेही होती.

२ एप्रिल २०२२ रोजी, गुढीपाडव्याला, राज्यातील सर्व निर्बंध उठले. २४ एप्रिलपासून बेंगळूरूमध्ये दुसऱ्या ‘खेलो इंडिया’ विद्यापीठ स्पर्धा भरल्या. २०१९ मध्ये प्रथम वर्षाला प्रवेश घेतलेले विद्यार्थी तेव्हा पदवीच्या शेवटच्या परीक्षेला बसत होते. तीन वर्षांच्या पदवीत त्यांना मैदानावरचे एकच पूर्ण वर्ष मिळाले होते.