विजयांची गणना

१९३४ सालीं सुरू झालेल्या रणजी क्रिकेट-करंडकासाठीं आपल्या एकाच राज्याचे मुंबई, विदर्भ व महाराष्ट्र असे तीन संघ झुंजतात. २०२४-२५ अखेर त्यांचीं विजेतेपदें अनुक्रमें ४२, ३ व २! धुळें-जळगांव महाराष्ट्र संघाच्या कक्षेंत असल्यानें आम्हां खानदेशवासीयांच्या वांट्यास हीं दोनच येतात. तीं १९३९-४० व १९४०-४१ मध्यें लागोपाठ मिळालीं. कर्णधार होते पुण्याचे संस्कृत प्राध्यापक दि. ब. देवधर, ४८ व्या वर्षीं त्यांनीं प्रत्यक्ष मुंबईविरुद्ध २४६ धावा काढल्या. पुढें मात्र करंडक परतला नाहीं. एका पिढीच्या कर्तबगारीनें विजय मिळतो. परंपरा घडते ती मैदानांनीं, क्लबांनीं आणि मुंबईंत १९४८ पासून भर पावसाळ्यांत खेळल्या जाणाऱ्या कांगा लीगसारख्या स्पर्धांनीं. आम्ही स्मरण देवधरांचें करावें, अनुकरण मुंबईचें.