टिंब-रेघेपासून प्रोग्रामपर्यंत

हौसेला मोल नाही, असे आपण म्हणतो ते बहुधा हौशी माणसाच्या खर्चाकडे पाहून. परंतु बिनतारी संदेशविद्येच्या इतिहासात या हौसेचे मोल जगाने अनेकदा वसूल करून घेतले आहे. १९१२ साली अमेरिकन सरकारने कायदा करून हौशी मंडळींस २०० मीटर व त्याखालच्या लहरींवर हाकलले. त्या आखूड लहरी दूरच्या कामाच्या नाहीत, अशी तज्ज्ञांची समजूत होती. गावाबाहेरचे नापीक माळरान पोरांना खेळावयास द्यावे, तसाच हा प्रकार! पण १९२३ च्या नोव्हेंबरात ११० मीटरच्या आसपासच्या लहरीवरून अमेरिकेतील फ्रेड श्नेल आणि फ्रान्समधील लेऑन देलुआ यांनी अटलांटिकच्या आरपार दुतर्फा संभाषण केले. मग मात्र त्या माळरानाकडे साऱ्यांचीच दृष्टी वळली.

त्या पिढीची हत्यारे म्हणजे तारेची वेटोळी, काचेचे व्हॉल्व आणि मोर्सची खटखट ओळखणारा तयार कान. आजच्या हौशी माणसाच्या मेजावर या हत्यारांशेजारी संगणक बसला आहे, आणि पुष्कळदा कानाचे कामही तोच करतो. हे स्थित्यंतर कसे घडले, आणि त्यात हौस उरली की हरवली, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे.

आरंभ करावा तो इंग्लंडच्या पीटर मार्टिनेझ यांच्यापासून. जहाजांच्या बिनतारी टंकलेखनात अक्षर चुकले तर ते पुन्हा मागून घेण्याची एक पद्धत होती. १९७८ साली मार्टिनेझ यांनी ती हौशी लोकांसाठी बेतून घेतली. पुढे घरोघर संगणक आले आणि त्यांत गाणी ऐकण्यासाठी साउंड कार्डे बसू लागली. या कार्डाला गाणे आणि रेडिओची शीळ यांत भेद कळत नाही. जो आवाज येईल त्याचे ते आकडे करते. आणि आकडे झाले, की त्यांवर प्रोग्राम चालविता येतो!

पोलंडच्या पावेल यावोखा यांच्या कल्पनेवर पुढे काम करून मार्टिनेझ यांनी १९९८ च्या डिसेंबरात ‘पीएसके-३१’ ही पद्धत हौशी जगापुढे मांडली. सेकंदाला ८००० नमुने घेणाऱ्या यंत्रणेत त्या संख्येला २५६ ने भागले, की ३१.२५ उरतात, तितकीच चिन्हे ही पद्धत एका सेकंदात पाठविते. बोटांनी टंकणाऱ्या माणसाला हा वेग पुरेसा, आणि त्यासाठी लागणारी लहरींची वाट इतकी अरुंद, की एका बोलक्या माणसाच्या जागेत असे अनेक जण शेजारी शेजारी मावावेत. यातील गंमत त्यांच्या लिपीत आहे. इंग्रजीत सर्वांत अधिक येणारे ‘ई’ हे अक्षर येथे नुसते ‘११’ असे लिहिले जाते. ‘झेड’ला मात्र नऊ आकडे लागतात. मोर्सच्या लिपीतही ‘ई’ला एकच टिंब होते. म्हणजे संगणकाच्या पोटात जुना मोर्सच नवे कपडे घालून आला, असे म्हणावयास हरकत नाही.

दुसरे नाव जोसेफ टेलर यांचे. बालपणी भावासह घराच्या छपरावर अँटेना उभारणारा हा मुलगा पुढे ज्योतिर्विद झाला. आपल्या नारायणगावजवळची खोडदची महादुर्बीण ज्या पल्सार ताऱ्यांचा वेध घेते, त्या जातीची एक जोडी टेलर व रसेल हल्स यांनी १९७४ साली शोधली आणि १९९३ चे नोबेल पारितोषिक मिळविले. पल्सारचा आवाज गोंगाटात बुडालेला असतो. तो गाळून काढणे हीच ती विद्या. २००१ साली टेलर यांनी ती आपल्या जुन्या हौसेच्या कामी लावली आणि ‘डब्ल्यूएसजेटी’ हा प्रोग्राम वाटावयास काढला. उल्केच्या क्षणभंगुर शेपटीवरून किंवा चंद्रावर आदळून परतलेला संदेश सामान्य अँटेनाने वाचता येऊ लागला. २०१७ साली स्टीव्हन फ्रँके यांच्यासह त्यांनी ‘एफटी-८’ आणली. पंधरा पंधरा सेकंदांच्या पाळीने चालणाऱ्या या पद्धतीत गोंगाट संदेशाच्या शंभरपट असला तरी मजकूर हाती लागतो. आजच्या स्वरूपात संदेश असतो ७७ बिटांचा. तपासणीची व चूकदुरुस्तीची जोड देऊन त्याचे १७४ बिट होतात. ओझे वाढते खरे, पण त्यामुळेच वाटेत सांडलेले भरून काढता येते.

यावर जुन्या मंडळींचा आक्षेप असा, की येथे संभाषण कोठे आहे? दोन संगणक एकमेकांस नाव, गाव आणि आवाजाचे गुण सांगतात, आणि माणूस बघत बसतो. हा आक्षेप खोटा नाही. २००७ साली अमेरिकेने परवान्यासाठी मोर्सची परीक्षा कायमची बंद केली, तेव्हाही असाच सुस्कारा ऐकू आला होता. एका कौशल्याची सक्ती संपली की त्याच्यासह एक स्वभावही जातो, ही हळहळ समजण्यासारखी आहे.

तरीही मला वाटते, हौशी माणसाचे लक्षण त्याच्या कानात नव्हते. झाकण उघडून आत पाहण्याच्या खोडीत होते. टेलर यांनी २००५ पासून आपल्या प्रोग्रामची मूळ संहिता सर्वांस खुली केली. ती उघडली, की १९५७ साली जन्मलेली फोर्ट्रान भाषा तेथे आजही राबताना दिसते. नवशिका आधी संपर्कांच्या नोंदवहीचा साधा प्रोग्राम लिहितो. मग केबल जोडून रेडिओची लहर संगणकावर वाचतो. मग कूली आणि ट्यूकी यांनी १९६५ साली मांडलेली गणिताची युक्ती वापरून आवाजाचे पट्टे पडद्यावर उतरवितो. या प्रत्येक पायरीवर तो चुकतो, अडतो आणि शिकतो. व्हॉल्व जळाल्यावर त्याचे आजोबा शिकत, तसाच.

तयार प्रोग्राम आणून नुसती बटणे दाबणारे पुष्कळ असतील. तयार रेडिओ विकत आणणारे पूर्वीही होतेच. दर पिढीत काही थोड्या माणसांना ‘हे आत चालते कसे?’ असा प्रश्न पडला, एवढ्यावरच ही परंपरा शंभर वर्षे तगली. ज्या दिवशी तो प्रश्न कोणालाच पडणार नाही, त्या दिवशी आकाशात संदेश असतील, हौस नसेल.