बेलसाहेबाची आई आणि आमचे आबा

भगिनींनो, माझे शिक्षण सातवीपर्यंतचे; इतिहास लिहिणे हे काही माझे काम नव्हे. पण आमच्या घरात जे घडले त्याचे मूळ शोधता शोधता एक जुनी हकीकत हाती लागली, ती सांगते.

माझे सासरे आबा. त्यांची सारी उमर भिवंडीत यंत्रमागावर गेली. माग चालू असता शेजारचा ओरडला तरी ऐकू येत नाही, हे आपल्याकडे कोणाला सांगायला नको. अशा आवाजाने कानाच्या आतल्या शंखातले बारीक केस मरतात, ते पुन्हा उगवत नाहीत. आधी जातो तो बारीक आवाज, बायकांचा नि मुलांचा. म्हणून मानकोली नाक्यावरच्या ट्रकचा भोंगा आबांना ऐकू येई, पण नातीचे बोलणे कळत नसे. मी मात्र म्हणत असे, "हवे तेवढे बरोबर ऐकतात!" ते आता मनाला लागते. कानाचे यंत्र एकदा विकत आणले होते. ते शिट्टी मारी. कपाटात पडले.

आता बेलसाहेबाची गोष्ट. टेलिफोन काढणारा अलेक्झांडर ग्रॅहम बेल मुळात बहिऱ्या मुलांचा शिक्षक. त्याच्या आईला फार कमी ऐकू येई. बाकीचे तिच्या कानाच्या नळीत ओरडत. हा तिच्या कपाळाशी तोंड नेऊन हलक्या, खोल आवाजात बोले. पुढे बायकोही बहिरीच केली. आवाजाच्या ह्याच अभ्यासातून १८७६ साली टेलिफोन झाला. मग १८९८ च्या सुमारास अमेरिकेतल्या हचिसनने टेलिफोनच्याच युक्तीने विजेचे श्रवणयंत्र केले. ते एवढे अवजड, की टेबलावर ठेवावे लागे! १९४७ साली ट्रान्झिस्टर निघाला, आणि पाचसहा वर्षांत यंत्र आटोपशीर झाले. आपल्या मुंबईत वांद्र्याला १९८३ पासून अली यावर जंग संस्था आहे. तेथे कान तपासतात.

आणि गंमत पाहा, टेलिफोन फिरून कानाच्याच चाकरीला आला. २०१८ साली अ‍ॅपलने आपला फोन बिनतारी इअरबडला जोडून ही सोय दिली, २०१९ साली गुगलने 'साउंड अ‍ॅम्प्लिफायर' काढले. फोन बोलणाऱ्याजवळ ठेवायचा. तो आवाज टिपून कानात पोचवतो. नुसता मोठा नव्हे, बारीक आवाज तेवढा वेगळा वाढवता येतो. आबांना हवे होते तेच!

माझ्या मुलाने ते लावून दिले. नात धडा वाचीत होती, फोन तिच्या पाटीशेजारी. आबा म्हणाले, "हिचा आवाज असा आहे होय?" मी पदर डोळ्याला लावला.

दोष आहेत. आवाज किंचित मागाहून येतो, लग्नाच्या गर्दीत सगळेच कालवते, फोनची बॅटरी संध्याकाळपर्यंत पुरत नाही. कान फार गेला असेल तर हे पुरे पडणार नाही, आणि कान वाहत असेल तर आधी डॉक्टरच.

एक दोष मात्र मला अनुभवाने कळला. आबा ओटीवर इअरबड लावून बसलेले, फोन स्वयंपाकघरात फडताळावर राहिलेला, आणि मी शेजारणीला त्यांचे जेवणातले नखरे सांगते आहे! रात्री पानावर बसल्यावर आबा म्हणाले, "सूनबाई, आमटी अळणी असली तरी चालेल हो आजपासून."