मिडवे विमानतळावर टळलेली टक्कर
२५ फेब्रुवारी २०२५ रोजी सकाळी अमेरिकेत शिकागोच्या मिडवे विमानतळावर साउथवेस्ट एअरलाइन्सचे बोइंग ७३७ आणि फ्लेक्सजेट कंपनीचे चॅलेंजर ३५० हे छोटे बिझनेस जेट यांची टक्कर थोडक्यात टळली. ओमाहाहून आलेले प्रवासी विमान ‘३१ सेंटर’ या धावपट्टीवर टेकण्याच्या बेतात असताना हे जेट तीच धावपट्टी ओलांडू लागले. वैमानिकांनी उतरणे सोडून विमान पुन्हा वर उचलले. याला ‘गो-अराउंड’ म्हणतात.

नियंत्रकाची सूचना वैमानिकाने परत म्हणून दाखवायची असते. ऐकण्यातली चूक तिथेच सापडावी, एवढ्यासाठी. इथे ती सापडलीही. जेटच्या वैमानिकाने सूचना चुकीची म्हटली, नियंत्रकाने लगेच सुधारली आणि ‘३१ सेंटर’च्या अलीकडे थांबण्यास सांगितले. तरीही जेट थांबले नाही.

हवेतली टक्कर टाळणारी ‘टीकॅस’ यंत्रणा जमिनीपासून सुमारे १,००० फुटांखाली ‘वर चढा’, ‘खाली या’ असे आदेश देत नाही. त्यामुळे धावपट्टीवर समोरचे दिसणे आणि वेळेत निर्णय घेणे, एवढेच वैमानिकांच्या हाती होते. वर गेल्यावर ‘हे घडले कसे?’ असे त्यांनी नियंत्रकाला विचारले. एक फेरी मारून विमान सुखरूप उतरले.