प्रयोगशाळेतील हातमोजा : एक ऐतिहासिक विचार

इतिहास म्हटला की लढाया, तह आणि राजवंश यांकडे आपले लक्ष जाते. आज आम्ही मात्र एका क्षुल्लक वाटणाऱ्या वस्तूचा इतिहास सांगण्याचे योजिले आहे. ती वस्तू म्हणजे प्रयोगशाळेत घालावयाचा हातमोजा. हा विषय बीडकरांपुढे कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर याच जिल्ह्यात आहे.

१९९४ च्या ऑगस्ट महिन्यात या जिल्ह्यातील मामला या गावी पिसवांचा उपद्रव वाढला, उंदीर मरून पडू लागले आणि पाठोपाठ माणसांना गाठी येऊन ताप भरू लागला. १९६६ नंतर भारतात प्लेगाची नोंद झालेली नव्हती. तो रोग आता केवळ आजोबांच्या आठवणीत उरला, अशीच सर्वांची समजूत होती. पुढच्याच महिन्यात सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगाने हाहाकार उडविला. अशा वेळी रोग्याच्या गाठीत सुई घालून द्रव काढावा लागतो, रक्त घ्यावे लागते, आणि कोणीतरी ते काचपट्टीवर पसरून तपासावे लागते. वर्तमानपत्रांत रोग्यांचे आकडे येतात, मंत्र्यांची नावे येतात. ती काचपट्टी धरणाऱ्या हाताची नोंद कोठेच होत नाही. त्या हाताचे रक्षण कशाने व्हावे, हा आमचा आजचा प्रश्न आहे.

या बाबतीतला एक कडू धडा मुंबईच्याच प्लेगाने फार पूर्वी दिला होता. १८९६ साली मुंबईत साथ सुरू झाली आणि १८९७ मध्ये तिचा अभ्यास करण्यास व्हिएन्नाहून डॉक्टरांचे एक मंडळ आले. त्यांनी रोगजंतू बरोबर नेले. १८९८ च्या ऑक्टोबरात तेथील प्रयोगशाळेचा सेवक फ्रान्झ बारिश हा प्लेगाने दगावला. त्याच्यावर उपचार करणारे डॉ. हेर्मान म्युलर, जे स्वतः मुंबईस येऊन गेले होते, तेही काही दिवसांतच गेले. आणि शुश्रूषा करणारी परिचारिका आल्बिने पेखा हिचाही त्यातच अंत झाला. हा फुप्फुसाचा प्लेग होता. तो श्वासावाटे पसरतो. त्या डॉक्टरांच्या आणि परिचारिकेच्या हातात उत्तमोत्तम मोजे असते, तरी तेवढ्याने त्यांचा जीव वाचला नसता. म्हणून पहिला विचार करावयाचा तो हा की, धोका कोणत्या वाटेने येणार आहे? हातमोजा फक्त हाताची वाट अडवितो.

गंमत अशी की, शस्त्रक्रियेतला रबरी मोजा जन्माला आला तो रोग्यासाठी नव्हेच. १८८९-९० च्या सुमारास अमेरिकेत बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात कॅरोलिन हॅम्प्टन या परिचारिकेचे हात जंतुनाशक म्हणून वापरल्या जाणाऱ्या पाऱ्याच्या क्षाराने सोलून निघत. तेथील शल्यविशारद हॉल्स्टेड यांनी गुडइयर कंपनीकडून तिच्यासाठी पातळ रबरी मोजे करवून घेतले. पुढे दोघांचा विवाहही झाला. मोज्यांमुळे रोग्याची जखमही चिघळत नाही, हे जॉन्स हॉपकिन्सच्याच ब्लडगुड यांनी १८९९ मध्ये दाखवून दिले. काम करणाऱ्याच्या हाताची काळजी घेतली आणि त्यातून रोग्याचेही हित साधले, असा हा क्रम आहे.

परंतु पाऱ्यापासून हात राखण्यासाठी जन्मलेल्या या मोज्याला पाऱ्यानेच पुढे हरविले. १४ ऑगस्ट १९९६ रोजी अमेरिकेतील डार्टमथ कॉलेजात प्रा. कॅरेन वेटरहान यांच्या मोजा घातलेल्या हातावर डायमिथिल मर्क्युरी या द्रवाचे थोडेसे थेंब पडले. मोजा फाटला नव्हता, कोठे छिद्र नव्हते. तरीही ते द्रव रबरातून काही सेकंदांतच आरपार गेले, हे मागाहून परीक्षणाने ठरले. ८ जून १९९७ रोजी त्यांचे निधन झाले. त्या स्वतः विषारी धातूंच्या अभ्यासक होत्या, आणि तत्कालीन समजुतीप्रमाणे त्यांनी पुरेशी काळजी घेतली होती. उणीव त्यांच्या दक्षतेत नव्हती. त्या मोज्याविषयीच्या ज्ञानात होती.

यावरून निवडीचे तत्त्व स्पष्ट होते. सर्व कामांना चालेल असा मोजा जगात नाही. रबराच्या चिकाचा लॅटेक्स मोजा रक्त व जंतू यांपासून चांगले रक्षण करतो, पण तेल आणि पेट्रोल त्याला फुगवून खिळखिळा करतात. नायट्राइलचा मोजा तेलाला दाद देत नाही, परंतु ॲसिटोन त्यातून लवकर पार होते. शिवाय लॅटेक्समधील प्रथिने कित्येकांना बाधतात. मोज्यातील भुकटीबरोबर ती हवेतही उडतात. याच कारणासाठी अमेरिकेने २०१७ साली भुकटीचे वैद्यकीय मोजे बंद केले. तापलेले भांडे उचलावयाचे तर जाड, उष्णतारोधक मोजा हवा. द्रवरूप नायट्रोजन हाताळताना तो सैल हवा, म्हणजे आत थेंब शिरलाच तर झटकन काढता येतो. कोणते रसायन किती वेळात पार होते, याचे कोष्टक मोजे करणारे कारखाने देतात. ते आधी वाचावे, मग मोजा घ्यावा.

वापराचे नियमही सोपे आहेत. घालण्यापूर्वी मोजा भोके व चिरा यांसाठी पाहावा, अंगठी काढावी. रसायन उडाले की मोजा तत्काळ बदलावा. एकदाच वापरण्याचा मोजा धुऊन पुन्हा घालू नये. मोजा घातलेल्या हाताने दाराची कडी, लेखणी अथवा दूरध्वनी यांना शिवू नये, कारण मग मोजा आपल्याला वाचवितो आणि दुसऱ्याला बुडवितो. काढताना मनगटाजवळ बाहेरून चिमटीत धरून उलटा करावा. दुसरा काढताना उघडी बोटे आतून घालावीत. शेवटी साबणाने हात धुवावेत. आणि सुई मोज्याला जुमानत नाही, हे तर कधीच विसरू नये.

बीड हा हातांवर जगणारा जिल्हा आहे. येथून हजारो ऊसतोड कामगार दरवर्षी कोयता घेऊन बाहेर पडतात. त्यांच्या तळहाताचे मोल आपल्याला कोणी शिकवावयास नको. अंबाजोगाईच्या वैद्यकीय महाविद्यालयात आणि गावोगावच्या लहान प्रयोगशाळांत काचपट्टी धरणारी मुले-मुली याच घरांतली आहेत. संस्थाचालक मोज्यांची खरेदी करताना केवळ स्वस्त भाव पाहात असतील, तर त्यांनी व्हिएन्नाच्या त्या सेवकाचे स्मरण ठेवावे. त्याचे नाव इतिहासात राहिले ते त्याच्या मृत्यूमुळे. आपल्या मुलांची नावे तशी राहू नयेत, एवढीच आमची इच्छा आहे.