न दिसणारी भेग : क्रँकशाफ्टच्या तपासणीमागचा इतिहास

आजचा विषय गॅरेजमधला आहे. जुनं एअर-कूल्ड इंजिन उघडलं, त्यातला क्रँकशाफ्ट पुन्हा वापरायचा की भंगारात टाकायचा, हे ठरवायचं कसं? उदाहरण म्हणून फोक्सवॅगन बीटल घेऊ. पण सुरुवात मात्र रेल्वेपासून करावी लागते.

८ मे १८४२. व्हर्सायहून पॅरिसला निघालेल्या गाडीच्या इंजिनाचा आस म्यूदाँजवळ मोडला. मागचे डबे इंजिनावर चढले, आग लागली, आणि डब्यांना तर बाहेरून कुलपं होती. पन्नासाहून जास्त माणसं गेली. अंटार्क्टिकाच्या सफरी केलेला दर्यावर्दी द्युमाँ द्युर्विल बायको-मुलासह त्यातच गेला.

चांगला जाडजूड आस मोडलाच कसा? पुढच्याच वर्षी रँकिन या तरुण स्कॉटिश अभियंत्याने अशा मोडलेल्या आसांविषयी निबंध वाचला. त्याचं म्हणणं असं, की आस एका झटक्यात मोडत नाही. जिथे त्याची जाडी बदलते, त्या कोपऱ्यात भेग पडते आणि हळूहळू आत सरकते. म्हणून तो कोपरा टोकदार ठेवू नका, गोलाई द्या. पुढे प्रशियाच्या रेल्वेत ऑगस्ट व्होलर यांनी वर्षानुवर्षं प्रयोग करून दाखवलं, की एकदा टाकला तर सहज पेलणारा भार लाखो वेळा उलटसुलट पडला, तर पोलाद तुटू शकतं. यालाच आपण धातूचा थकवा म्हणतो.

आता बीटलच्या इंजिनाकडे या. मिनिटाला ३,००० फेरे धरले, तर तासाला १ लाख ८० हजार. १०० तासांत १ कोटी ८० लाख! शिवाय बीटलच्या मूळ क्रँकला प्रतिभार, म्हणजे काउंटरवेट, नाहीत. वेग वाढला की तो मधोमध लवतो आणि मधल्या बेअरिंगवर ठोके बसतात. इथे पाणी नसल्यामुळे बरीचशी उष्णता तेलालाच वाहून न्यावी लागते. तेल फार तापून पातळ झालं, की जर्नल आणि बेअरिंग यांच्यातला तेलाचा थर तुटतो. एखादा जर्नल निळसर पडलेला दिसला, तर समजावं, तो कधीतरी भाजलाय.

झीज मोजता येते. पहिले तीन मुख्य जर्नल ५५ मिलिमीटरचे, चौथा ४० चा. मायक्रोमीटर दोन दिशांनी लावायचा. गोलाईत ०.०३ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक आला, तर ग्राइंडिंग करायचं आणि ०.२५, ०.५० किंवा ०.७५ ने लहान मापाचं बेअरिंग घालायचं. हा हिशोब सरळ आहे.

पण थकवा मायक्रोमीटरला दिसत नाही. जुने मिस्त्री क्रँकवरचे गिअर काढतात, तो टांगतात आणि हलकेच हातोडी मारतात. घंटेसारखा नाद आला तर ठीक, बद्द आवाज आला तर संशय. युक्ती चांगली, पण बारीक भेग तिला चकवते.

खरा उपाय विसाव्या शतकात आला. १९२० च्या दशकात अमेरिकेत विल्यम होक यांच्या लक्षात आलं, की चुंबकाने धरलेल्या पोलादी भागावर भेग असेल, तर लोखंडाची पूड तिथेच गोळा होते. डीफॉरेस्ट आणि डोन यांनी १९३४ मध्ये ‘मॅग्नाफ्लक्स’ कंपनी काढून ही पद्धत कारखान्यांत नेली. आजही तेच करतात. क्रँक चुंबकित करायचा, चमकणारी लोहपूड मिसळलेला द्रव ओतायचा आणि अतिनील दिव्याखाली बघायचं. भेग असेल तर रेघ उजळते. नजर ठेवायची ती जर्नलच्या कोपऱ्यावर आणि तेलाच्या भोकाच्या काठावर.

म्हणून क्रम लक्षात ठेवा. आधी गिअर काढून, तेलाच्या वाटांसकट सगळं स्वच्छ करा. मग भेग शोधा, कारण तडकलेल्या क्रँकच्या ग्राइंडिंगवर पैसे घालवण्यात अर्थ नाही. त्यानंतर माप घ्या. ग्राइंडिंग करणाऱ्याला कोपऱ्याची गोलाई राखायला बजावून सांगा. तो कोपरा टोकदार झाला, तर रँकिनने १८४३ मध्ये दाखवलेला दोष आपण पैसे देऊन करून घेतला असं होईल. ग्राइंडिंगच्या उष्णतेनेही भेगा पडतात, तेव्हा पुन्हा एकदा तपासा आणि शेवटी क्रँकचं चुंबकत्व उतरवा, नाहीतर तो लोखंडाचा कीस ओढत राहील.

बीटलचा क्रँक बाहेर काढायला पूर्ण केसिंगचे दोन भाग वेगळे करावे लागतात. बंद केल्यावर सहज डोकावता येत नाही. तेव्हा शंका राहिली असेल, तर क्रँक बदला.